जुन्या इमारतींची ऊर्जाबचतीची दुरुस्ती : गृहनिर्माण संस्थांना सरकारी आधार कशाचा आणि कसा हवा?

गच्चीखालचे_घर (धागाकर्ती)

इमारत पाडून नवी बांधायची असेल तर महाराष्ट्रात वाढीव चटईक्षेत्र (म्हणजे अधिक बांधकामाची परवानगी) मिळते, गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे असतील तर केंद्राचे अनुदान मिळते आणि नवी इमारत हरित मानांकन घेऊन बांधली तरीही सवलत मिळते. परंतु जी इमारत आज उभी आहे, धडधाकट आहे आणि नीट राखली तर आणखी तीस वर्षे राहण्याजोगी आहे, ती कमी तापावी व तिने कमी वीज खावी म्हणून कोणी खर्च करायचे म्हटले, तर त्याच्यासाठी काहीही नाही. धोरणातील ही उणीव कशी भरून काढता येईल, याची सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. मी पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे आणि आमच्याकडे मोठ्या दुरुस्तीचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे आहे, त्यामुळे प्रश्न माझ्यापुरता तातडीचाही आहे.

मी ज्या इमारतींविषयी बोलते आहे त्या साधारण १९७५ ते २००५ या काळातल्या. तळमजल्यावर वाहनतळ, वर तीन-चार मजले, आरसीसीचा सांगाडा, विटांच्या भिंती, वर कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) केलेली उघडी गच्ची. कोथरूड, डोंबिवली, नाशिकचे इंदिरानगर, कुठेही पाहा, नमुना तोच. या इमारतींत उष्णता मुख्यतः तीन वाटांनी आत येते : गच्चीतून, पश्चिमेच्या भिंतीतून आणि छज्जा नसलेल्या खिडक्यांतून. त्यांत गच्चीचा वाटा वरच्या मजल्यापुरता सर्वांत मोठा असतो. कोणतेही उष्णतारोधन नसलेल्या दीडशे मिलिमीटरच्या स्लॅबचा उष्णतावहनाचा गुणांक, म्हणजे ज्याला स्थापत्यवाले यू-मूल्य म्हणतात तो, दर चौरस मीटरला दर अंशामागे तीन वॅटच्या आसपास असतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी जी इको निवास संहिता आणली, तिच्यात छपरासाठी ही मर्यादा १.२ आहे. म्हणजे आपल्या डोक्यावरचे छप्पर नव्या घरांना मान्य असलेल्यापेक्षा दुपटीहून अधिक उष्णता आत सोडते. संहिता अर्थातच नव्या बांधकामासाठी आहे. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन राहत्या इमारती संहितेच्या कक्षेत आल्या, परंतु शंभर किलोवॅट जोडभाराचा (इमारतीतील उपकरणांच्या एकूण वीजभाराचा) उंबरठा पाहता आणि भर नव्या बांधकामावर असल्यामुळे आपल्यासारख्या सोळा-वीस सदनिकांच्या जुन्या संस्थांना तिचा स्पर्शही होत नाही.

गच्ची गळली तर ती दुरुस्त करणे संस्थेचे काम आहे, हे आदर्श उपविधीत (गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमावलीत) स्पष्ट आहे आणि कोणी त्यावर वाद घालत नाही. त्याच गच्चीतून एप्रिल-मे महिन्यांत रात्री अकरा वाजेपर्यंत उष्णता खाली झिरपत राहते, वरच्या मजल्यावरच्या घरांत पंख्याचा वारा गरम लागतो, पाण्याच्या टाकीतले पाणी हात पोळेल इतके तापते, परंतु ती उष्णता मात्र ज्याची त्याने सोसायची. पाणी गळले तर संस्थेचे आणि ऊन गळले तर ज्याचे त्याचे, हा भेद माझ्या मते टिकण्यासारखा नाही, कारण गच्ची दोन्ही वेळा सामायिकच असते.

सौर अनुदानाचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी दर किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. योजना चांगली आहे आणि आम्हीही ती घेणार आहोत. पण पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरले जाते आणि एकदा त्यांचे सांगाडे गच्चीवर रोवले की त्याखालचा कोबा उखडणे, जलरोधन करणे, उष्णतारोधक थर घालणे हे सगळे अवघड व खर्चिक होऊन बसते. म्हणजे आधी गच्ची, मग पॅनेल, हा क्रम हवा. अनुदानाच्या अटींत हा क्रम कुठेच नाही. सरकार वीज निर्माण करायला पैसे देते आणि वीज वाचवायला देत नाही, त्यामुळे संस्थाही आधी पॅनेल लावतात आणि पाच वर्षांनी गळती सुरू झाली की ते उतरवण्याच्या खर्चावरून भांडतात.

दुरुस्तीचा मोठा खर्च परांचीचा असतो, हे ज्यांनी बाहेरून गिलावा करून घेतला आहे त्यांना ठाऊक आहे. एकदा परांची उभी राहिली की छज्जे वाढवणे, पश्चिमेच्या भिंतीला परावर्तक रंग देणे, खिडक्यांच्या चौकटींच्या फटी बुजवणे या कामांचा वाढीव खर्च फार थोडा राहतो. ती उतरली की पुढची दहा-बारा वर्षे ती संधी नसते. म्हणून माझे म्हणणे असे की, सरकारी आधार कोणत्याही वेळी न देता या एका क्षणाशी, म्हणजे मोठ्या दुरुस्तीशी, जोडून द्यावा. पुणे महानगरपालिका सौर ऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालवणाऱ्यांना मिळकतकरात पाच टक्के आणि दोन किंवा अधिक चालवणाऱ्यांना दहा टक्के सवलत देते. त्या यादीत ‘उष्णतारोधित छप्पर’ ही एक ओळ वाढवायला नवा कायदा लागत नाही.

आपापल्या गावचा अनुभव, आकडे आणि आक्षेप सांगावेत. आक्षेप विशेषतः हवे आहेत.

---

अभियंता_डोंबिवली

विषय उत्तम मांडला आहे. आक्षेप मागितले आहेत म्हणून पहिला माझा.

१९८० ते २००० या काळात डोंबिवली, कल्याण, मीरा-भाईंदर पट्ट्यात झालेल्या कित्येक इमारतींचे काँक्रीट इतके निकृष्ट आहे की त्यांच्यावर ऊर्जाबचतीसाठी एक रुपयाही घालणे योग्य नाही. खाडीच्या पाण्याने भिजलेली वाळू, सळईवर अपुरे आवरण आणि दमट हवा, या तिन्हींमुळे सळई गंजून फुगते व काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. अशा इमारतीला बाहेरून चांगला गिलावा आणि परावर्तक रंग चढवला तर आतली भेग झाकली जाण्याचा धोका आहे. म्हणून अनुदान द्यायचेच असेल तर ते संरचनात्मक तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय देऊ नये. उपविधीनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा तपासणी करायची असतेच. त्याच अहवालात छप्पर, भिंती, खिडक्या, पंप आणि उद्वाहन यांच्या ऊर्जावापराची दोन पाने वाढवली तर वेगळ्या यंत्रणेची गरज उरणार नाही.

आता दुसरी, अनुकूल बाजू. विटांच्या तुकड्यांचा कोबा फार जड असतो. शंभर-सव्वाशे मिलिमीटरच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला २०० किलोंच्या वर जाते. अनेक संस्थांनी पहिला कोबा गळू लागल्यावर तो न काढता त्याच्यावरच दुसरा घातला आहे, आणि मी तर एका गच्चीवर तिसराही पाहिला आहे, ज्याच्या कडेला उंबरठ्याची पायरी पूर्ण बुडाली होती आणि जिन्याचे दार अर्धेच उघडत होते. हे सगळे उखडून, उताराचा हलका थर, जलरोधक पडदा, त्यावर पन्नास मिलिमीटरची पॉलिस्टायरीनची दाट पाटी आणि वर पातळ संरक्षक काँक्रीट असे केले, तर स्लॅबवरचा भार निम्म्याहून कमी होतो आणि छपराचे यू-मूल्य ०.५ च्या आसपास येते. म्हणजे उष्णतारोधनाने इमारतीच्या सुरक्षिततेलाही हातभार लागतो. हा मुद्दा पालिकेच्या अभियंत्यांना सांगितला तर ते अधिक लवकर ऐकतील, असा माझा अनुभव आहे.

---

विदर्भकन्या

नागपुरातून लिहिते आहे. मुंबई-पुण्याची चर्चा नेहमी गृहनिर्माण संस्थांभोवती फिरते. आमच्याकडे शहराचा मोठा भाग स्वतंत्र घरांचा आहे : खाली आपण, वर भाडेकरू, त्यावर उघडी गच्ची. आमच्याकडे ना सामायिक निधी, ना सर्वसाधारण सभा, ना सचिव. त्यामुळे आधार संस्थेच्या मार्गाने दिला तर तो विदर्भात पोहोचणार नाही. तो मिळकतकराच्या देयकातून किंवा वीजदेयकातूनच द्यावा लागेल.

हवामानाचाही विचार व्हावा. मुंबईचे हवामान उष्ण-दमट आणि नागपूरचे राष्ट्रीय इमारत संहितेच्या वर्गीकरणात संमिश्र. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, परंतु हवा कोरडी असते, म्हणून वाळ्याचा किंवा गवताचा कूलर उत्तम चालतो आणि तो वातानुकूलन यंत्राच्या मानाने फारच थोडी वीज घेतो. छप्पर थंड ठेवले तर कूलरवर भागते, छप्पर तापले तर कूलर अपुरा पडतो आणि माणूस वातानुकूलन यंत्र घ्यायला निघतो. एका घरात ते आले की पुढची पंधरा वर्षे दर उन्हाळ्यात वीज वितरणावरचा भार वाढतो. म्हणून छपरावर घातलेला सरकारी पैसा हा रोहित्रे आणि वाहिन्या वाढवण्यावरचा खर्च वाचवणारा पैसा आहे, असे महावितरणने स्वतःच मांडले पाहिजे.

पांढऱ्या रंगाविषयी एक सावधगिरी सांगते. आमच्या घरी गच्चीला परावर्तक लेप दिला तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात वरच्या खोलीत स्पष्ट फरक पडला. पावसाळ्यानंतर त्यावर शेवाळाचे काळे डाग आले, हिवाळ्यात धूळ बसली आणि दुसऱ्या उन्हाळ्यापूर्वी घासून धुतल्यावरच तो पुन्हा उजळला. ज्यांनी धुतले नाही त्यांना वाटते की लेपच वाईट होता. धोरणात लेपासाठी पैसे असतील आणि दर फेब्रुवारीत धुण्याची सूचना नसेल, तर दोन वर्षांत योजना बदनाम होईल.

---

भाग्यनगरी

हैदराबादेत राहतो, म्हणून इकडची माहिती देतो. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये शीत छप्पर धोरण आणले. ते २०२३ ते २०२८ या काळासाठी आहे आणि एकूण ३०० चौरस किलोमीटर छप्पर शीत करण्याचे उद्दिष्ट आहे. सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते आकार न पाहता बंधनकारक आहे, घरांसाठी ६०० चौरस वार आणि त्याहून मोठ्या भूखंडावर. छोट्या घरांना ते ऐच्छिक ठेवले आहे. इथेही सक्तीचा जोर प्रामुख्याने नव्या परवानग्यांवरच आहे, कारण भोगवटा दाखला हे सरकारच्या हातातले साधन नव्या इमारतीपुरतेच चालते. जुन्या घरांसाठी समजावणे आणि मदत करणे, एवढेच मार्ग उरतात. विदर्भकन्या म्हणतात तीच अडचण.

---

राईनकाठ

जर्मनीत बरीच वर्षे राहतो आणि इथल्या एका सामायिक मालकीच्या इमारतीतला सदनिकाधारक म्हणून नूतनीकरणाच्या निर्णयप्रक्रियेत भाग घेतला आहे. इथले प्रश्न वेगळे आहेत, कारण इथे ऊर्जा मुख्यतः घर तापवण्यावर खर्च होते. त्यामुळे तंत्र उचलू नये. परंतु धोरणाची रचना पाहण्यासारखी आहे आणि तिच्या चुकाही.

छप्पर, भिंती, खिडक्या यांच्या रोधनासाठी येथे केंद्र सरकार खर्चाच्या १५ टक्के अनुदान देते. आधी मान्यताप्राप्त सल्लागाराकडून इमारतीचा टप्प्याटप्प्याने नूतनीकरणाचा आराखडा करून घेतला तर आणखी पाच टक्के मिळतात, आणि अनुदानासाठी ग्राह्य धरल्या जाणाऱ्या खर्चाची वार्षिक मर्यादा दर सदनिकेमागे ३०,००० युरोंवरून ६०,००० युरोंपर्यंत जाते. या आराखड्याच्या शुल्कातही सरकार निम्मा वाटा उचलते. मला ही व्यवस्था सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तिच्यामुळे मालक आधी विचार करतो आणि मग खर्च करतो. छपराचे काम आधी की तापनयंत्राचे, हा क्रम कागदावर ठरतो. धागाकर्तीने ‘आधी गच्ची, मग पॅनेल’ असे जे म्हटले आहे, त्याला इथे पैशांचे पाठबळ आहे. शिवाय रोधनाच्या कामांत सल्लागाराची सही सक्तीची आहे आणि तो ठेकेदाराचा माणूस असून चालत नाही.

आता चुका. २४ जानेवारी २०२२ रोजी सरकारने निधी संपल्याचे सांगून केएफडब्ल्यू या सरकारी बँकेकडची अर्जस्वीकृती एका दिवसात थांबवली. नूतनीकरणाचे अर्ज फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाले, परंतु कर्जाची जुळवाजुळव करून बसलेल्या लोकांचा विश्वास त्या एका सकाळी जो गेला, तो सहजासहजी परतला नाही. इटलीने याच्या उलट टोक गाठले. २०२० मध्ये तिने ऊर्जाबचतीच्या नूतनीकरणावर खर्चाच्या ११० टक्के करसवलत दिली. सगळाच खर्च सरकार देणार म्हटल्यावर मालकाला ठेकेदाराशी घासाघीस करण्याचे कारण उरले नाही, दर चढले, खोटी देयके निघाली आणि सरकारी तिजोरीवरचा भार शंभर अब्ज युरोंच्या पुढे गेला. पुढे ती सवलत टप्प्याटप्प्याने खाली आणावी लागली. माझ्या दृष्टीने धडा असा की मालकाच्या खिशातून निम्म्याहून अधिक पैसे जायला हवेत आणि योजना लहान असली तरी दहा वर्षे न बदलता चालायला हवी.

एक भारतीय दुवाही नोंदवतो. याच केएफडब्ल्यूने आपल्या राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेला ऊर्जाकार्यक्षम घरांसाठी पतपुरवठा केला होता. तोही नव्या घरांसाठीच होता. त्या प्रकारचा पतपुरवठा जुन्या इमारतींसाठी मागता येईल.

---

चाळकरी

गिरगावात पागडीच्या घरात राहणाऱ्यांचे काय? घरमालकाला भाडे इतके थोडे मिळते की तो कौलेही बदलत नाही आणि भाडेकरूने स्वतःचे पैसे घातले तरी इमारत त्याची नाही. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची दुरुस्ती म्हाडाचे दुरुस्ती मंडळ करते, तेव्हा ते खांब, तुळया, जिना आणि शौचालये पाहते. छपरावर पत्रा नवा घालतात, पण त्याखाली रोधक थर घालायचा असा विचारही होत नाही. मंडळाच्या कामाच्या दरसूचीत ती एक बाब आली तर शेकडो इमारतींत आपोआप फरक पडेल. यासाठी वेगळ्या अनुदानाचीही आवश्यकता नाही.

---

राईनकाठ

चाळकरी, इथे मालकाला नूतनीकरणाच्या खर्चाच्या ८ टक्के रक्कम वार्षिक भाड्यात वाढवण्याची मुभा आहे, त्यावर दर चौरस मीटरची कमाल मर्यादाही आहे. पण त्यामुळे जुने भाडेकरू परवडेनासे होऊन बाहेर पडतात, अशी तक्रार इथल्या भाडेकरू संघटना सतत करतात. पागडीच्या व्यवस्थेत तो मार्ग लावू नये. तुमचा दरसूचीचा मार्ग अधिक चांगला आहे.

---

हिशेबनीस

मी अनेक गृहनिर्माण संस्थांचे लेखापरीक्षण करतो. पैशांची बाजू मांडतो, कारण सभेत शेवटी प्रश्न तोच येतो.

संस्थेकडे दोन निधी असतात. दुरुस्ती व देखभाल निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरसाल, आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेला निधी, किमान ०.२५ टक्के दरसाल. हा बांधकाम खर्च इमारत बांधली त्या वर्षीचा धरला जातो, त्यामुळे १९८८ सालच्या इमारतीत हे टक्के हास्यास्पद रकमा देतात आणि बहुतेक संस्थांकडे मोठ्या दुरुस्तीच्या वेळी पुरेसे पैसे नसतात. मग प्रत्येक सदस्याकडून एकरकमी वर्गणी काढावी लागते. त्यात निवृत्त माणसे असतात, घर भाड्याने देऊन परदेशी गेलेले असतात, तळमजल्यावरचे ‘आम्हाला उकडतच नाही’ म्हणणारे असतात. वर्गणी जितकी मोठी तितकी गळती पहिल्या सभेत ऊर्जाबचतीच्या बाबींना लागते. जलरोधन राहते, उष्णतारोधन वगळले जाते.

सिंकिंग फंड मोठ्या दुरुस्तीसाठी सभेच्या ठरावाने आणि वास्तुविशारदाच्या दाखल्याने वापरता येतो. उष्णतारोधन ही ‘मोठी दुरुस्ती’ ठरते का, हे कुठे लिहिलेले नाही. त्यामुळे सावध समिती तो खर्च टाळते आणि सावध लेखापरीक्षक, मीसुद्धा, त्यावर शेरा मारतो. सहकार आयुक्तांनी एक परिपत्रक काढून हे स्पष्ट केले तर राज्याच्या तिजोरीवर एक पैशाचाही भार न पडता मोठा अडसर दूर होईल. सर्व मागण्यांत मी ही पहिली ठेवेन.

दुसरे, कर. दुरुस्तीच्या कंत्राटावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि छोट्या संस्थांना त्याची वजावट मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वातानुकूलन यंत्रावरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणि सौर उपकरणांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. उष्णतारोधक पाट्या मात्र १८ टक्क्यांवरच आहेत. थंडावा विकत घेणे स्वस्त झाले, उष्णता अडवणे होते तेवढेच महाग राहिले. ब्रिटनने ऊर्जाबचतीच्या साहित्यावरचा कर घरांपुरता शून्य केला आहे, तो मार्च २०२७ पर्यंत. निदान सौर पॅनेलइतका दर रोधक साहित्याला लावा, अशी मागणी वस्तू व सेवा कर परिषदेपुढे राज्याने ठेवायला हरकत नाही.

तिसरे, कर्ज. ब्रिटनमध्येच २०१३ साली ‘ग्रीन डील’ ही योजना निघाली : घराच्या नूतनीकरणासाठी कर्ज घ्यायचे आणि वीजबचतीतून ते देयकाबरोबर फेडायचे. कल्पना सुंदर होती, परंतु व्याज सात टक्क्यांच्या वर होते, अर्जप्रक्रिया किचकट होती आणि २०१५ मध्ये सरकारने निधी थांबवला तोवर मोजक्याच घरांनी ती घेतली होती. व्याज बाजारभावाच्या आसपास असेल तर केवळ ‘बचतीतून फेड’ म्हणून लोक कर्ज घेत नाहीत. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये राज्याने स्वयंपुनर्विकासाचे (विकासकाशिवाय संस्थेनेच इमारत नव्याने बांधण्याचे) धोरण मान्य केले आणि जिल्हा सहकारी बँकेने संस्थांना कर्ज देण्याची वाट त्यातून रुळली. त्याच बँका, तीच तारणाची पद्धत आणि त्याच्या दशांश रक्कम, असे ‘स्वयंदुरुस्ती’चे कर्ज व्याजसवलतीसह देता येईल. मोठे अनुदान वाटण्यापेक्षा व्याजातला फरक सरकारने भरणे अधिक टिकाऊ ठरेल.

शेवटी एक लहान हिशेब. जुना छताचा पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटारीचा) पंखा साधारण ३०. रोज पंधरा तास, वर्षातले ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे २०० युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तरी वर्षाला १,६०० रुपये. पंख्याची किंमत सुमारे दोन वर्षांत वसूल होते. एलईडी दिव्यांच्या बाबतीत २०१५ पासून केंद्राने मोठी एकत्रित खरेदी करून किमती खाली आणल्या आणि मग अनुदानाची गरजच राहिली नाही. उष्णतारोधक पाट्या आणि परावर्तक लेप यांचीही राज्यस्तरीय एकत्रित खरेदी महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेने केली तर ठेकेदार आज जो दर सांगतात त्याला आळा बसेल.

---

गच्चीखालचे_घर

सर्वांचे मनापासून आभार. काही ठिकाणी माझे मत बदलले आहे आणि काही ठिकाणी नाही.

संरचनात्मक तपासणीची अट मला पूर्ण मान्य आहे. उलट ऊर्जेची दोन पाने त्याच अहवालात जोडण्याची सूचना या धाग्यातली सर्वांत उपयोगी आहे, कारण तिच्यामुळे समितीसमोर ऊन आणि गळती एकाच कागदावर येतील. स्वतंत्र घरांविषयी विदर्भकन्या म्हणतात ते बरोबर आहे. मिळकतकराची सवलत दोन्ही प्रकारच्या घरांना लागू पडते, म्हणून ती मागणी पुढे न्यावी.

राईनकाठ यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. मालकाच्या खिशातून निम्म्याहून अधिक पैसे जावेत हे जर्मनीत ठीक असेल. आमच्याकडे वरच्या मजल्यावर आणि पत्र्याखाली राहणारे अनेकदा इमारतीतले सर्वांत कमी ऐपतीचे असतात. उद्वाहन नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचे घर स्वस्त मिळते म्हणूनच कुटुंब तिथे येते. घरकुलांच्या वसाहतींत तर सगळेच एका परिस्थितीत असतात. अशा ठिकाणी साधा चुन्याचा किंवा परावर्तक लेप पूर्णपणे सरकारी खर्चाने द्यावा आणि ते काम पालिकेच्या उष्मा कृती आराखड्याचा भाग समजावे. अहमदाबादने २०१३ मध्ये देशातला पहिला असा आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधील छपरे पांढरी करण्याचे काम त्याला जोडले. तिथे प्रश्न वीजदेयकाचा नव्हता, जिवाचा होता. ऊर्जाबचत आणि उष्माघातापासून संरक्षण या दोन खात्यांच्या दोन वेगळ्या फायली राहिल्या, तर दोन्हींत छप्पर निसटेल.

दुरुस्तीऐवजी पुनर्विकासच करावा, असे विरोधी मत कोणी मांडले नाही याचे थोडे आश्चर्य वाटले. मुंबईत चटईक्षेत्राच्या किमतीमुळे पाडणे परवडते. सोलापुरात, अकोल्यात, नाशिकच्या बाहेरच्या भागांत विकासक येतच नाही. तिथल्या तीस वर्षांच्या इमारती पुढची तीस वर्षे तशाच राहणार आहेत. त्यांच्यासाठी दुरुस्ती हा एकमेव मार्ग आहे, आणि सगळे धोरण मुंबईचा पुनर्विकास समोर ठेवून लिहिले गेले तर ही शहरे कायम वगळली जातील.

---

अभियंता_डोंबिवली

विरोधी मत नाही, पण एक भर. पाडलेल्या इमारतीत अडकलेले सिमेंट आणि पोलाद यांचा हिशेब कोणीच करत नाही. नवी इमारत हरित मानांकनाची असली तरी पाडापाडीत गेलेली ऊर्जा भरून यायला अनेक वर्षे लागतात. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत नव्या हरित इमारतीला मानांकनाप्रमाणे ३, ५ आणि ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र आहे. जुनी इमारत राखून तिचे नूतनीकरण करणाऱ्याला हे चटईक्षेत्र वापरता येत नसेल, तर ते हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून विकू द्यावे. अगदी थोडे दिले तरी दुरुस्तीचा बराच खर्च निघेल.

---

हिशेबनीस

ही कल्पना अभ्यासण्यासारखी आहे, परंतु तिला वेळ लागेल. तोवर संस्थांना आजच करता येईल असे काही हवे म्हणून सर्वसाधारण सभेसाठी ठरावाचा मसुदा देत आहे. आपापल्या परिस्थितीप्रमाणे बदल करावेत.

‘संस्थेच्या इमारतीच्या संरचनात्मक तपासणीचे काम देताना, छप्पर, पश्चिम व दक्षिण बाजूच्या भिंती, खिडक्या, पाण्याचे पंप, उद्वाहन आणि सामायिक दिवे यांच्या ऊर्जावापराची तपासणी त्याच कामात समाविष्ट करावी. मोठ्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मागवताना गच्चीचे जलरोधन आणि उष्णतारोधन यांचे दर एकत्र मागवावेत व दोन्ही कामे एकाच ठेकेदाराच्या हमीखाली ठेवावीत. गच्चीचे काम पूर्ण होऊन एक पावसाळा गेल्याशिवाय सौर पॅनेल बसवण्याचा कार्यादेश देऊ नये. उष्णतारोधनाचा खर्च सामायिक मालमत्तेच्या दुरुस्तीचा खर्च समजून सर्व सदस्यांत जलरोधनाच्या खर्चाप्रमाणेच वाटावा. छपराच्या उष्णतारोधनासाठी मिळकतकरात सवलत मिळावी, यासाठी महानगरपालिकेकडे आणि हा खर्च सिंकिंग फंडातून करण्याबाबत स्पष्टता मिळावी, यासाठी सहकार आयुक्तांकडे संस्थेने लेखी निवेदन द्यावे.’

सूचक आणि अनुमोदक शक्यतो वेगवेगळ्या मजल्यांवरचे असावेत.

---

अभियंता_डोंबिवली

मसुद्यात एक वाक्य वाढवा : जलरोधक पडदा घातल्यावर आणि त्यावर रोधक पाट्या बसवण्यापूर्वी गच्चीवर पाणी साठवून किमान ४८ तास ठेवावे, आणि खालच्या घरांच्या छताची पाहणी समितीचा सदस्य व वरच्या मजल्यावरचा सदनिकाधारक या दोघांनी मिळून करून सही द्यावी. पाट्या बसल्यानंतर गळती निघाली तर ती नेमकी कुठून आहे हे शोधणे फार अवघड जाते, आणि मग दोष जलरोधनाचा असूनही खापर उष्णतारोधनावर फुटते.

---

गच्चीखालचे_घर

वाक्य जोडले. मसुदा आमच्या सभेच्या विषयपत्रिकेत घेते आहे. निवेदनांच्या प्रती इथेच लावीन, म्हणजे इतर संस्थांना आपापल्या पालिकेचे नाव घालून त्या वापरता येतील. नागपूर, सोलापूर आणि नाशिकमधील कोणाला स्वतंत्र घरांसाठीचे निवेदन लिहायचे असेल, तर विदर्भकन्या यांच्याशी संपर्क साधावा. त्यांनी तयारी दर्शवली आहे.